'आम्ही' म्हणायचं न्हाय

आमच्या देवघरातली पितळी घंटी एके वर्षी मी देवीपेक्षा सुनेपुढं जास्त वाजवली. देवीनं ते मनावर घेतलं नसावं. तुळजापुरात राहून तिला घंटांची सवय झालेली आहे. सुनेनं मनावर घेतलं का, हे विचारणं मात्र अजून माझ्या जिवावर येतं.

माझा मुलगा आणि सून, दोघंही पुण्यात कम्प्युटरचं काम करायचे. तो प्रोग्राम लिहायचा आणि ती दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम तपासायची. कुणीतरी भात शिजवायचा आणि हिनं त्यातला खडा कुणाच्या दाताखाली यायच्या आधी शोधायचा, असं मी गल्लीतल्या बायकांना समजावून सांगायचे. दोघंही कंत्राटावर. काम करून घेणारी कंपनी एक, पगार देणारी दुसरी, आणि मध्ये माणसं पुरवणारा एजंट तिसराच. मुदत संपली की पुन्हा मुलाखत, पुन्हा अभ्यास, पुन्हा 'तुम्हाला काय काय येतं?'

गल्लीला त्याचं नवल वाटायचं, मला नाही. कारण मीही कंत्राटीच होते. तो शब्द तेवढा तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, एका कचेरीत मी टायपिस्ट होते आणि माझी ऑर्डर एकोणतीस दिवसांची निघायची. महिना भरला तर बाई कायमची गळ्यात पडेल ही भीती. मग मला दोनचार दिवस घरी बसवायचे आणि पुन्हा मुलाखतीला बोलवायचे. तोच साहेब, तेच टेबल, तीच मी. साहेब चष्मा पुसत विचारायचे, "टायपिंग येतं का?" गेल्या आठवड्यात त्यांच्या साडूच्या घरभरणीची पत्रिकासुद्धा मीच टाईप केलेली असायची.

माझी पहिली मुलाखत तर सांगण्यासारखी नाही, म्हणून सांगते. लग्नातला शालू नेसून गेले होते. मे महिना, एसटीचा प्रवास, आणि तोंडावर एवढी पावडर की घामाचे ओघळ येऊन चेहऱ्यावर नाले पडलेले. आमचे हे माझा डबा मांडीवर धरून बाहेर बाकावर. साहेबांनी मी टाईप केलेला कागद उचलून विचारलं, "हे कुणी टाईप केलं?"

"आम्ही," मी म्हणाले.

आता आमच्या सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवलं होतं, सासरी मी-मी करायचं न्हाय. तेव्हापासून आम्ही जेवायचो, आम्ही झोपायचो, आमचं एकटीचं डोकं दुखायचं. साहेबांना हे काय ठाऊक? त्यांनी दाराकडं बघितलं. "बाकीचे कुठं आहेत?"

आणि मी शहाणीनं खरं सांगितलं, "बाहेर बाकावर बसलेत."

एका जागेला दोघं आले म्हणून साहेबांनी दोघांनाही परत पाठवलं. पुढच्या खेपेला घेतलं, तेव्हा मी एकटी गेले होते आणि साधं सुती पातळ नेसले होते.

पण घेतल्यावर माझा तोरा बघण्यासारखा होता. पायात कचेरीची चप्पल, खांद्याला पर्स, पर्समध्ये शेंगदाणे. पोरगा तेव्हा लहान. गल्लीत खेळून यायचा आणि इतर पोरांसारखा ओरडायचा, "आय, भाकर दे!" मी लगेच, "आय न्हाय, आई म्हणायचं. आपण कचेरीतली माणसं." कचेरीतली! एकोणतीस दिवसांची! त्या पोराच्या तोंडचं ते 'आय' मी तव्यावरची काजळी घासावी तसं घासून काढलं. शाळेत जाईपर्यंत तो अगदी स्वच्छ 'आई' म्हणायला लागला. मला लई अभिमान वाटला होता.

गेल्याच्या मागच्या पावसाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि माझा मुलगा गेला. याच्यापुढं मला लिहिता येत नाही. घाई केली की टाईपरायटरच्या दांड्या एकमेकींत अडकायच्या, तसं होतं.

सुनेचं कंत्राट त्या दवाखान्याच्या धावपळीतच संपून गेलं. पुण्यातली भाड्याची जागा सोडून ती नातीला घेऊन माझ्याकडं आली. ती मूळची बेंबळीची, शेतकऱ्याच्या घरातली. भाऊ न्यायला आले. म्हणाले, "चल, तुला काय कमी हाय तिथं? पोरगी शिकंल, तू निवांत बस." ती म्हणाली, "दादा, बसून काय करू? मला माझं काम पाहिजे." भाऊ माझ्याकडं बघायला लागले, म्हातारीनंच काहीतरी भरवलं असणार म्हणून. मी चहात साखर ढवळत राहिले.

तिच्या कामाचं एक मला कळलं होतं. हात फार दिवस बाहेर राहिला की परत आत घालता येत नाही. रोज नवी अवजारं येतात. तिच्या बरोबरीच्या बायका पुढं निघून चालल्या होत्या आणि ही माझ्या माडीवर बसून फोनवर धडे ऐकत होती. त्यातही एजंटानं दोन मुलाखती जमवून दिल्या. दोन्ही वेळा ती कॅमेऱ्यात दिसेल तेवढा वरचा कुर्ता इस्त्रीचा आणि खाली घरातला जुना परकर, अशी बसली. मी बाहेर जिन्यावर बसून नातीला गप्प ठेवलं. दोन्ही वेळा नकार.

दुसऱ्या नकारानंतर एजंटाचा फोन आला. ती कणीक मळत होती, म्हणून फोन मोठ्या आवाजात लावला होता. तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला येतं सगळं, तिकडचे लोक पण तेच म्हणाले. पण तुम्ही सारखं 'वी' म्हणता. वी फाउंड, वी टेस्टेड. त्यांना कळंना, तुम्ही स्वतः काय केलं. अजून एक जागा आहे. तिथंही असंच झालं तर मला तुमचं नाव पुढं पाठवता येणार नाही. राग मानू नका."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "वी म्हणजे?"

"आम्ही."

मी हसत सुटले. तिला वाटलं म्हातारी फिरली. मग मी तिला शालू, पावडर आणि बाकावर बसलेले बाकीचे, सगळं सांगितलं. ती कणकेच्या हातानं तोंड झाकून हसली. ह्या घरात आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "आई, पण कायमच्या नोकरीतली माणसं आम्हीच म्हणतात की."

"त्यांना परवडतं," मी म्हणाले. "त्यांच्यामागं सगळी कचेरी उभी असती. कंत्राटी माणूस एकटा घ्यायचा आणि एकटा सोडायचा. घेणाऱ्याला कळाय नको का, नेमकं कोण घेतलंय ते?"

दुसऱ्या दिवसापासून मी साहेब झाले. नातीला शाळेत सोडून आलो की माडीवर आमची मुलाखत लागायची. मी खुर्चीवर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आमच्या त्या साहेबांसारखा. ती चटईवर. तिनं मला प्रश्न पाठ करून दिले होते आणि उत्तरंही थोडी थोडी समजावली होती.

"रिग्रेशन टेस्टिंग कशाला म्हणतात?"

"एक दुरुस्ती केली की आधी नीट चालत असलेलं काहीतरी बिघडू शकतं. म्हणून जुनं सगळं पुन्हा तपासायचं."

"म्हणजे मुलाचं लग्न केल्यावर मुलाला पुन्हा तपासतात तसं."

"आई, साहेब असं म्हणत न्हाईत."

"बरं. पुढं."

आणि दरवेळी ती 'आम्ही' म्हणाली की मी घंटी वाजवायची, असं ठरलं होतं. देवघरातून उचलून मी ती पदराखाली ठेवायचे. ती मराठीत बोलो की इंग्रजीत, 'आम्ही' आलं की टण्ण. 'वी' आलं की टण्ण. पहिल्या दिवशी एवढी वाजली की खाली शेजारीण प्रसादाला वाटी घेऊन आली.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तिनं शेवटी ठेवला होता. तुम्हाला सापडलेला एखादा अवघड दोष सांगा. हा प्रश्न हमखास विचारतात म्हणे. त्याचं उत्तर तिच्याकडं होतं आणि त्यात मीही होते.

झालं होतं असं. बसचं तिकीट काढायच्या एका फोनवरच्या सोयीचं काम तेव्हा तिच्याकडं होतं. मुलगा मला पुण्याला न्यायला आला होता, पण त्याला आधी सोलापुरात काही काम होतं. म्हणून माझं एकटीचं तिकीट काढायला आम्ही बसस्टँडवर उभे होतो. मंगळवार, देवीचा वार, सगळी गर्दी. गर्दी झाली की इथं फोनची रेंज जाते, हे आम्हाला अंगवळणी पडलेलं. त्यानं बटण दाबलं, चाक फिरत राहिलं. त्यानं पुन्हा दाबलं. आणि एका म्हातारीची दोन तिकिटं निघाली.

बसमध्ये पोऱ्यानं माझं नाव पुकारलं, मी "हाय" म्हणाले. त्यानं पुन्हा तेच नाव पुकारलं, मी पुन्हा "हाय" म्हणाले. "दुसऱ्या मावशी कुठं हायेत?" "त्याबी मीच." शेंगाचटणीचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून मी पुण्यापर्यंत राणीसारखी गेले.

मुलगा दुसऱ्या दिवशी पोचला आणि जेवताना हा किस्सा हसत हसत सांगायला लागला. सून हसली नाही. घास तसाच हातात. "तू दुसऱ्यांदा कधी दाबलंस? पहिलं दाबल्यावर रेंज होती का गेली होती?" मग ताटं बाजूला सारून दोघं फोन घेऊन बसले. तो रेंज बंद करायचा, ती दाबायची. ती सांगायची, "आता, आता चालू कर." त्या खेळातल्या तिकिटांवर त्यांनी माझंच नाव घातलं होतं. मी किती वेळा तुळजापूरहून पुण्याला आले कोण जाणे. शेवटी तो ओरडला, "निघाली! दोन आया निघाल्या!" तिनं मग त्याची रीतसर तपासणी लिहिली, कंपनीला दाखवली आणि तो दोष बंद झाला.

तर चटईवर बसून तिनं हे सांगायला घेतलं. "आम्ही एकदा..." टण्ण. "मी एकदा तिकीट काढताना..." ती थांबली. तिनं तिकीट काढलंच नव्हतं. "आमच्या लक्षात आलं..." टण्ण. "आम्ही रेंज बंद करून..." टण्ण. मला चेव आला होता. साहेब होण्याची हौस माझी जुनी. मी घंटी तिच्या तोंडासमोर धरली, "आम्ही म्हणायचं न्हाय! आम्ही म्हणजे कोण? बाकीचे कुठं आहेत?"

ती म्हणाली, "आई, तो होताच की तिथं."

घंटीची जीभ मी बोटात धरली. तरी ती थोडी किणकिणलीच.

ती खाली गेली, नळाला पाणी आलं होतं. मी माडीवर बसून राहिले. माझ्या डोक्यात कसं आलं नाही? माझं 'आम्ही' सासूबाईंनी शिकवलेलं, पोकळ, आतून एकटंच. हिच्या 'आम्ही'त खरोखर दोन माणसं होती. आणि मी, त्या माणसाची आई, घंटी वाजवून वाजवून त्याला वाक्यातून बाहेर काढत होते.

दोन दिवस सराव बंद. मुलाखत मंगळवारची ठरली होती. एजंटानं तिला आणखी एक बजावलं होतं. 'गॅप'बद्दल विचारतील, काहीतरी गुळमुळीत सांगा, घरगुती कारण म्हणा. गॅप म्हणजे मधली फट. माझ्या पुढच्या दोन दातांत आहे तशी. माझा मुलगा आता कागदावर एक फट होता.

सोमवारी ती वाळत घातलेले कपडे काढत होती. मी जाऊन दुसरं टोक धरलं. चादरीची घडी घालायला दोघी लागतात, म्हणून ती मला नाही म्हणू शकली नाही.

"उद्या तू त्याला बरोबर नेऊ नको," मी म्हणाले.

तिनं चादर झटकली.

"त्या साहेबाला काय देणंघेणं त्याचं? तो कोण, कसा हसायचा, त्याला काय कळणार? तासाभराचं तर काम हाय. तेवढा वेळ त्याला माझ्यापाशी ठेव. मी बसते त्याला घेऊन जिन्यावर. तुझं झालं की घेऊन जा."

चादर आम्ही चारपदरी केली, आठपदरी केली. तिनं माझ्या हातातलं टोक घेतलं आणि घडी छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "त्याला जिन्यावर ऊन लागंल. दुपारची मुलाखत हाय."

"मी सावलीच्या पायरीवर बसंन," मी म्हणाले.

मंगळवारी गल्लीत हलगीचा आणि उदो उदोचा गजर चालू होता. तिनं खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, पंख्याचा आवाज जातो म्हणून. नात शाळेत होती. मी सावलीच्या पायरीवर बसले. शेजारची जागा मोकळी ठेवली. डबा ठेवायचाही मोह झाला नाही.

आतलं सगळं इंग्रजी. मला त्यातलं काय कळणार? आधी साहेबाचं ते, तुमच्याबद्दल सांगा. मग प्रश्न, मग तिचा आवाज, सरळ, न अडखळता. रिग्रेशन ऐकू आलं, ते माझ्या ओळखीचं. मधेच तिनं कसल्या तरी आवाजाबद्दल माफी मागितली, बाहेरच्या हलगीबद्दलच असणार. मग 'टिकेट' ऐकू आलं आणि मी सावरून बसले.

ती एकदाही 'वी' म्हणाली नाही. पण ती जे म्हणत होती, ते मला आधी सरावात कसं ऐकू आलं नव्हतं कोण जाणे. तेव्हा माझा सगळा कान 'वी' पकडण्यावर असेल. इंग्रजीत 'मी'ला काय म्हणतात, हे कचेरीत टायपिंग केलेल्या बाईला माहीत नव्हतं असं नाही. पण दाराआडून, हलगीच्या गोंगाटात, तुटक तुटक तेवढंच येत होतं. आय. मग थोडं काहीतरी. पुन्हा आय. आय. आय.

गल्लीतून पळत यावं, उंबऱ्याशी थांबावं, गुडघ्याला माती, आणि हाक मारावी, तसं. ज्याला मी हे म्हणू दिलं नव्हतं तो माझ्या शेजारी सावलीत बसलेला, आणि आतून ती हाक येतच होती. मी "काय रे" म्हणाले. हळूच, मुलाखत बिघडायला नको म्हणून.

शेवटी फटीचा प्रश्न आला असावा. साहेबाच्या तोंडून 'गॅप' तेवढं ऐकू आलं. एजंटानं शिकवलेलं ती काही बोलली नाही. दोनच शब्द मला कळले, 'माय हजबंड'. मग साहेबानं खालच्या आवाजात काहीतरी म्हटलं आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला. त्याचंही बरोबरच. त्याला दुसरे उमेदवार होते.

ती बाहेर आली तेव्हा कुर्ता घामानं भिजला होता. माझ्या शेजारी बसायला लागली आणि त्या मोकळ्या जागेशी जरा अडली. मग एक पायरी खाली बसली.

"सगळं मीच केलं म्हणून सांगितलं," ती म्हणाली. "तिकीट काढलं, रेंज घालवली, सगळं."

"ऐकलं."

"तो रागावला असंल का वो, आई?"

"न्हाय. हाका मारत होता," मी म्हणाले. तिला ते कळलं नाही आणि मीही फोड करून सांगितलं नाही.

काम मिळालं. कंत्राट वर्षाचं, आठवड्यातले काही दिवस कचेरीत हजर राहायचं, म्हणजे पुण्यालाच जाऊन राहायचं. नातीच्या शाळेचं बघितलं, कचेरीजवळ छोटी जागा बघितली. गल्लीत मी पेढे वाटले आणि प्रत्येक घरी सांगितलं की सुनेला मुलाखत मीच शिकवली. घरी आल्यावर माडीवरची चटई गुंडाळून ठेवली.

जायच्या आदल्या दिवशी ती ओसरीवर तिकिटं काढायला बसली. दोन सीटा, तिची आणि नातीची. मी शेजारी बसून चष्म्यातून बघत होते. नेमकी रेंज गेली आणि ते चाक फिरायला लागलं.

"दाब की अजून एकदा," मी म्हणाले.

"का?"

"जास्तीची निघतील. पसरून जावा तिघं."

तिघं म्हटल्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. मग फोनकडं बघत राहिली. तिनं बटण पुन्हा दाबलं. मला वाटतं, माझ्या समाधानासाठीच. चाक थांबलं. दोन सीटांचं एकच तिकीट होतं.

"आता न्हाय निघत, आई," ती म्हणाली. "कितीदाबी दाबलं तरी. आम्हीच बंद केलं ना ते."

घंटी देवघरात होती. मी उठले नाही.